जे जवळजवळ कधीच नसतं, ते शोधायचं कसं?

विमानतळावर बॅगांची क्ष-किरण चित्रं तपासणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे दर काही सेकंदांनी नवी बॅग येते. चार्जरच्या गुंतलेल्या वायरी, बुटांचे तळवे, शाम्पूची बाटली, लॅपटॉप. यात बॉम्ब आहे की नाही, एवढंच त्याने सांगायचं असतं. आणि अख्खी नोकरी याच खुर्चीत गेली तरी खरा बॉम्ब बहुधा एकदाही त्याच्या नजरेस पडत नाही. प्रवाशांच्या दृष्टीने यापेक्षा चांगली गोष्ट नाही, पण शोधणाऱ्या डोळ्यांना हीच गोष्ट घातक ठरते.

दहशतवादाशी सरकारं कशी लढतात याची चर्चा बहुतेक वेळा सैन्य, गुप्तचर आणि कायदे यांच्यापाशीच थांबते. माझ्या मते या लढाईतला सर्वांत चिवट शत्रू दुर्मिळता हा आहे. हजारो बॅगांमध्ये, लाखो प्रवाशांमध्ये धोका एखाद्याच ठिकाणी असतो आणि बहुतेक दिवशी तोही नसतो.

हार्वर्डमधले दृष्टिशास्त्राचे संशोधक जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकमेकांवर पसरलेल्या अर्धपारदर्शक वस्तूंच्या गर्दीतून हत्यारं-अवजारं हुडकायचं काम त्यांनी लोकांना दिलं. निम्म्या चित्रांमध्ये अवजार होतं, तेव्हा लोकांच्या नजरेतून सुमारे ७ टक्के अवजारं सुटली. शंभरात एकाच चित्रात अवजार ठेवलं, तेव्हा सुमारे ३० टक्के सुटली. अवजारं तीच होती आणि ती पाहणारे डोळेही तसेच होते. फरक पडला तो फक्त ती किती वेळा दिसतात याचा.

याला आळस म्हणणं अन्यायाचं होईल. शोधत राहायचं कुठवर आणि ‘नाही’ म्हणून पुढे जायचं कधी, हे मेंदू अनुभवावरून ठरवतो. वारंवार काहीच सापडलं नाही की तो शोध लवकर आटोपतो आणि शंका आली तरी कौल ‘नाही’च्या बाजूने देतो. रोजच्या जगण्यात ही सवय उपयोगाची असते, पण क्ष-किरणांच्या पडद्यासमोर ती माणसांच्या जिवावर बेतू शकते.

यावरचा उपाय मला फार आवडतो. यंत्रातलं सॉफ्टवेअर अधूनमधून एखाद्या खऱ्या बॅगेच्या चित्रात बंदुकीची किंवा बॉम्बची खोटी प्रतिमा मिसळून टाकतं. कर्मचाऱ्याने बटण दाबलं की ही चाचणी होती, ओळखलंत, असा संदेश येतो. बटण दाबलं नाही तर चूकही लगेच दाखवली जाते. यातून परीक्षा तर होतेच, पण खरा फायदा वेगळा आहे: ‘इथे कधीतरी काहीतरी सापडतं’ हा अनुभव मेंदूला मिळत राहतो. शिवाय युरोपातल्या नियमांनुसार सलग २० मिनिटांहून जास्त वेळ चित्रं पाहायची नसतात. त्यानंतर किमान १० मिनिटं नजरेला विश्रांती द्यावी लागते.

कुत्र्यांचंही असंच होतं. इस्रायलमधल्या संशोधकांनी स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्यांना दोन वाटांवर फिरवलं. एका वाटेवर स्फोटकं ठेवलेली असत, दुसरीवर कधीच नसत. काही दिवसांतच दुसऱ्या वाटेवर कुत्र्यांचा उत्साह मावळला आणि नंतर तिथे स्फोटकं ठेवली तेव्हा त्यांची कामगिरी खालावलेली दिसली. म्हणूनच श्वानपथकातले हँडलर नेहमीच्या वाटांवरही नमुने लपवून ठेवतात आणि सापडले की बक्षीस देतात.

मग यंत्रं? ती कंटाळत नाहीत. पण दुर्मिळतेच्या गणितातून त्यांचीही सुटका नाही. समजा, १० लाख बॅगांत एकच बॉम्ब आहे आणि यंत्र ९९ टक्के वेळा बरोबर सांगतं. तो बॉम्ब ते बहुधा पकडेल. मात्र उरलेल्या निर्दोष बॅगांपैकी १ टक्का, म्हणजे सुमारे १० हजार बॅगांवरही ते इशारा देईल. म्हणजे घंटा वाजली तरी ती खरी असण्याची शक्यता दहा हजारांत एक! हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो, पण यात यंत्राचा दोष नाही.

या गणितातून वाट निघते ती तपासणीच्या पायऱ्यांनी. मोठ्या विमानतळांवर सामान आधी सीटी स्कॅनरमधून जातं. रुग्णालयातल्या सीटीसारखंच हे यंत्र बॅगेचे आडवे छेद घेतं आणि प्रत्येक वस्तूची घनता मोजतं. संशयित बॅगेचं चित्र माणूस पाहतो. तरीही शंका उरली तर बॅगेवरून कापडाची पट्टी फिरवून तिच्यावरचे कण तापवतात, त्यांना विद्युतभार देतात आणि ते विद्युतक्षेत्रातून किती वेळात सरकतात हे मोजतात. स्फोटकाचा एका ग्रॅमचा अब्जावा भागसुद्धा यात ओळखता येतो. प्रत्येक पायरी वेगळा गुणधर्म पाहते, आणि खरी मेख तीच आहे. चीजचा ठोकळा घनतेत प्लास्टिक स्फोटकासारखा भासेल, पण त्याच्यावर स्फोटकाचे कण सापडणार नाहीत. पुन्हापुन्हा घनताच मोजत बसलो तर तोच ठोकळा दर वेळी फसवेल.

हेच गणित माणसांना लावलं की मन अस्वस्थ होतं. प्रवासाच्या नोंदी, नावं, फोन यांच्या ढिगातून संशयित गाळणारी प्रत्येक यंत्रणा खोटे इशारे देणारच, आणि तिथे खोट्या इशाऱ्याखाली जिवंत माणूस सापडतो. अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांना २००४ मध्ये संशयितांच्या यादीतल्या नावाशी साधर्म्य असल्यामुळे विमानतळांवर वारंवार अडवलं गेलं. ते सिनेटर होते, त्यांनी थेट मंत्र्यांशी बोलून ते निस्तरलं. सामान्य माणसाने कुणाकडे जायचं? बॅग दुसऱ्यांदा तपासली म्हणून बॅगेचं काही बिघडत नाही. माणसाच्या बाबतीत दाद मागायची सोय ही यंत्रणेचाच भाग हवी, असं मला ठामपणे वाटतं.

काही वेळा मात्र प्रश्नच बदलता येतो. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं १८२ क्रमांकाचं विमान आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटाने कोसळलं आणि ३२९ जणांचा जीव गेला. बॉम्बची बॅग व्हँकुव्हरला सामानात दिली गेली होती. ती देणारा विमानात चढलाच नव्हता. बॅगेत बॉम्ब आहे का, हा अवघड प्रश्न. बॅगेचा मालक विमानात आहे का, हा सोपा प्रश्न आणि त्याचं उत्तर दर वेळी मिळतं. सामान आणि प्रवासी यांचा मेळ घालायचा नियम यातूनच कडक होत गेला. स्वतः मरायला तयार असलेल्या हल्लेखोरापुढे अर्थातच तो निरुपयोगी आहे.

२१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन ॲमचं विमान कोसळलं आणि २७० जण मारले गेले. सेमटेक्स हे प्लास्टिक स्फोटक रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये दडवलं होतं. सेमटेक्समधल्या आरडीएक्सची अडचण अशी की त्याची वाफ जवळजवळ होतच नाही. साध्या तापमानाला हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे त्याचे रेणू बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा नाक आणखी तीक्ष्ण करण्याऐवजी स्फोटकालाच वास द्यायचं ठरलं. माँट्रियलमध्ये १ मार्च १९९१ रोजी झालेल्या करारानुसार प्लास्टिक स्फोटकं बनवतानाच त्यांत सहज उडणारं एखादं रसायन मिसळणं बंधनकारक झालं. त्यांतलं डीएमएनबी सर्वाधिक वापरलं जातं. त्याची वाफ आरडीएक्सच्या लाखो पट होते आणि एरवी ते कुठे आढळत नसल्याने खोटे इशारेही क्वचितच मिळतात.

करार १९९८ मध्ये लागू झाला. त्याआधी बनलेल्या, बिनवासाच्या साठ्यांचं काय, हा प्रश्न उरलाच होता. लष्कर आणि पोलिसांबाहेरचे साठे ३ वर्षांत, तर त्यांच्या ताब्यातले १५ वर्षांत संपवायचे, नष्ट करायचे किंवा त्यांत रसायन मिसळायचं असं ठरलं. त्याआधीच चोरीला गेलेल्या किंवा काळ्या बाजारात पोचलेल्या साठ्यांपर्यंत मात्र कुठल्याच कराराचा हात पोचत नाही. त्यांच्यासाठी आजही सीटी, कापडाची पट्टी आणि कुत्र्याचं नाक यांवरच भिस्त आहे.