उडी तेवढीच आहे, मग पोरगं थांबलं का?

सारसबागेजवळच्या सणस मैदानावर आम्ही भिंतीवर उडी मोजतो. बोटांना खडू लावायचा, भिंतीला खेटून हात वर करून खूण करायची, मग जागेवरून उडी मारून दुसरी खूण. दोन्हींतलं अंतर म्हणजे उडी. तेरा वर्षांच्या एका मुलाची उडी गेल्या जूनमध्ये 30 सेंमी होती, यंदाही 30च भरली. वडिलांनी मला बाजूला घेतलं. "सर, वर्षभर पहाटे पाचला उठवतोय त्याला. काहीच फरक नाही?"

फरक होता, पण तो वजनकाट्यावर. 40 किलोंचा मुलगा 50 किलोंचा झाला होता.

उडीची उंची आणि पायांची पॉवर या दोन गोष्टी इथे एकमेकींत मिसळतात. मुलगा स्वतःचं वजन किती वर नेतो, हे उंची सांगते. पॉवर म्हणजे पाय दर सेकंदाला किती काम करतात. ती वॅटमध्ये येते. 40 किलो 30 सेंमी वर न्यायला साधारण 118 ज्यूल काम लागतं, 50 किलोंना 147. रेटा देण्याचा वेळ तेवढाच धरला तर या मुलाची पॉवर सव्वापट झाली आणि खडूची खूण जागची हलली नाही.

म्हणून पॉवरच बघावी का? तसंही नाही. नुसतं वजन वाढलं तरी वॅट वाढतात, आणि ते श्रेय आम्ही प्रशिक्षक बिनदिक्कत आपल्या खात्यावर लावतो. शिवाय उडी आणि वजन टाकलं की वॅट देणारी जी सूत्रं मोबाइलवर मिळतात, त्यातली बरीचशी मोठ्या माणसांच्या मापांवरून बसवलेली आहेत. वाढत्या पोरांना ती जशीच्या तशी लावू नयेत.

उंचीचं माप तरी सरळ असतं का? उभ्याने केलेली पहिली खूण दर वेळी नव्याने घ्यावी लागते. मागच्या वर्षीचीच वहीतून उचलली, तर वर्षभरात वाढलेली अंगाची उंची आणि हाताची लांबी उडीत जमा होते. ही चूक मी स्वतः केली आहे, आणि एका मुलीला खोटी शाबासकी दिली आहे. मोबाइलवर हवेतला वेळ मोजून त्यावरून उडी काढत असाल तर मूल उतरताना गुडघे वाकवतंय का ते बघा. 0.50 सेकंद म्हणजे जवळपास 31 सेंमी, 0.55 म्हणजे 37. गुडघ्यांनी चोरलेल्या एवढ्याशा वेळाने सहा सेंमी फुकट मिळतात.

अंगाची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती मुलींमध्ये साधारण बाराव्या वर्षी, मुलांमध्ये चौदाव्या. पुढेमागे एखादं वर्ष सहज होतं, त्यामुळे 14 वर्षांखालच्या गटात एकाच रांगेत मिसरूड फुटलेला मुलगा आणि अजून बाळसं न उतरलेला मुलगा उभे असतात. त्यांच्या उड्यांची तुलना करून निवड करणं मला अन्यायाचं वाटतं. मुलींमध्ये वयात येताना शरीरातली चरबी वाढते, म्हणून पॉवर वाढूनही कित्येकींची उडी तिथेच राहते. अशा वेळी तिला "वजन कमी कर" सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

वडिलांना मी वहीच दाखवली. आता तिच्यात चार रकाने आहेत: अंगाची उंची, वजन, उभ्याची पोहोच, उडी. दर तीन महिन्यांनी, त्याच भिंतीवर, त्याच बुटांत. पुढचं माप सप्टेंबरात.