ट्रिस बेस की ट्रिस हायड्रोक्लोराइड: कोणती बाटली कधी?

ट्रिस हे प्रयोगशाळेत बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, करायला वापरतात ते रसायन. दोन्ही बाटल्यांत पांढरे स्फटिक, दोन्हींवर ठळक अक्षरांत 'ट्रिस'. ट्रिस बेस म्हणजे मोकळं अमाइन, रेणुभार १२१.१४. ट्रिस हायड्रोक्लोराइड हा त्याच अमाइनचा एचसीएलबरोबर (हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर) झालेला क्षार, रेणुभार १५७.६०. लेबलवरचा कॅस क्रमांक, म्हणजे रसायनाचा ओळख क्रमांक, पाहिला की शंका उरत नाही: बेसचा ७७-८६-१, हायड्रोक्लोराइडचा ११८५-५३-१.

घोळ सुरू होतो तो कृतीच्या कागदावर. तिथे "५० मिलिमोलर ट्रिस-एचसीएल, पीएच ७.५" असं लिहिलेलं असतं आणि नवखा माणूस हायड्रोक्लोराइडची बाटली उचलतो. त्या ओळीत वर्णन आहे ते तयार बफरचं: ट्रिस, आणि पीएच आणायला वापरलेलं आम्ल एचसीएल. सुरुवात बहुधा बेसपासूनच करायची असते.

१ मोलर, पीएच ८.० चा एक लिटर स्टॉक, म्हणजे पुढे पातळ करून वापरायचं संहत द्रावण, असा करा. ८०० मिली पाण्यात १२१.१ ग्रॅम बेस विरघळवा. संहत एचसीएल फ्यूम हूडमध्ये, ढवळत, थोडं थोडं घाला. साधारण ४२ मिली लागतं, पीएच ७.४ हवा असेल तर ७० मिलीच्या आसपास. शेवटचे काही मिली थांबवून ठेवा, कारण द्रावण तापलेलं असतं आणि तापलेल्या ट्रिसचा पीएच कमी दिसतो. खोलीच्या तापमानाला आल्यावरच पीएच पक्का करा आणि मग पाण्याने एक लिटर भरा.

याच कृतीत चुकून हायड्रोक्लोराइड घेतलं तर मीटर लगेच सांगतो. बेसच्या द्रावणाचा पीएच १० च्या वर असतो, हायड्रोक्लोराइडच्या द्रावणाचा ५ च्या खाली. इथे बरेच जण सोडियम हायड्रॉक्साइड ओतून ८.० गाठतात आणि काम भागलं असं समजतात. भागलेलं नसतं. १२१.१ ग्रॅम हायड्रोक्लोराइडमध्ये ट्रिस फक्त ०.७७ मोल. वजन बरोबर घेतलं असतं, म्हणजे १५७.६ ग्रॅम, तरी ८.० पर्यंत यायला सुमारे ०.४४ मोल सोडियम हायड्रॉक्साइड लागतं आणि तेवढंच मीठ बफरमध्ये जास्तीचं राहतं. पातळ करून ५० मिलिमोलर केलं तरी २२ मिलिमोलर मीठ उरतंच. आयन-एक्स्चेंज कॉलमवर (तो प्रथिनं विद्युतभारामुळे धरून ठेवतो) प्रथिन नीट का धरत नाही, याचं कारण कधीकधी एवढंच असतं. बेसमध्ये आम्ल जास्त पडलं म्हणून हायड्रॉक्साइडने मागे आणणं हाही तोच दोष.

हायड्रोक्लोराइडचा खरा उपयोग बेससोबत. ८८.८ ग्रॅम हायड्रोक्लोराइड आणि ५३.० ग्रॅम बेस एक लिटरमध्ये घेतले की २५ अंशांना १ मोलर, पीएच ८.० चा बफर मिळतो. संहत आम्ल हाताळावं लागत नाही आणि प्रत्येक खेप सारखी उतरते. रोज तोच बफर लागत असेल तर मी हीच पद्धत निवडेन.

जिथे बेसऐवजी हायड्रोक्लोराइड अजिबात चालत नाही ती जागा म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे विजेच्या जोरावर रेणू जेलमधून वेगळे करण्याच्या पद्धतीचा, रनिंग बफर (टाकीत भरायचा बफर). एसडीएस-पेजच्या (प्रथिनांच्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या) दहापट स्टॉकला लिटरमागे ३०.३ ग्रॅम ट्रिस बेस, १४४ ग्रॅम ग्लायसीन, १० ग्रॅम एसडीएस. पातळ केल्यावर पीएच आपोआप ८.३ च्या जवळ येतो; एचसीएलचा थेंबही घालायचा नाही. या पद्धतीत जेलमधलं क्लोराइड पुढे धावतं, टाकीतलं ग्लायसीन मागे राहतं आणि त्या दोघांच्या मध्ये प्रथिनं दाबली जाऊन बारीक पट्टा तयार होतो. टाकीतच क्लोराइड आलं की ही सीमा मोडते. पट्टे पसरतात, करंट वाढतो, जेल तापतं. डीएनएच्या जेलसाठीच्या टीएई (ट्रिस-ॲसिटेट-ईडीटीए) बफरलाही बेसच लागतो: पन्नासपट स्टॉकला लिटरमागे २४२ ग्रॅम बेस, ५७.१ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि ०.५ मोलर ईडीटीए १०० मिली. आम्ल त्यात आधीच हिशेबाने आहे, त्यामुळे क्षार घेतला तर पीएच ८ च्या आसपासही येत नाही.

बाटली कोणतीही असो, तापमानाचा फरक दोघांना सारखाच. एका अंशाला पीएच सुमारे ०.०२८ ने सरकतो, उष्णतेत खाली, थंडीत वर. २५ अंशांना ८.० केलेला बफर कोल्ड रूममध्ये ८.६ च्या जवळ असतो आणि ३७ अंशांना ७.७. म्हणून लेबलवर पीएचसोबत तो कोणत्या तापमानाला घेतला तेही लिहा, आणि एन्झाइमचं काम ३७ अंशांना असेल तर पीएच त्याच तापमानाला जुळवा.