‘अ‍ॅलिस’ची पहिली आवृत्ती नक्की कोणती?

दुर्मीळ सचित्र बालपुस्तकांच्या बाजारात ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’च्या १८६५ सालच्या प्रतीला जो मान आहे, तो दुसऱ्या कुठल्याच पुस्तकाला नाही. आज जगभरात अशा बावीस-तेवीस प्रती माहीत आहेत. त्यातल्या बहुतेक ग्रंथालयांत जाऊन बसल्या आहेत, म्हणजे त्या पुन्हा बाजारात यायच्या नाहीत. आणि तरीही त्या साली छापलेल्या प्रतींचा आकडा होता दोन हजार.

पैसा लेखकाचा होता. ‘लुईस कॅरॉल’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या, ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणाऱ्या या गृहस्थाने छपाई, चित्रकाराचे मानधन, लाकडावर चित्रे कोरणाऱ्यांची मजुरी, सगळे पदरचे घातले होते. लंडनचा प्रकाशक होता तो कमिशनपुरता. ऑक्सफर्डच्या विद्यापीठाच्या छापखान्यात पुस्तक छापून झाले, जूनअखेर पहिली प्रत लेखकाच्या हातात पडली आणि पन्नासच्या आसपास प्रती स्नेह्यांकडे रवानाही झाल्या. जुलैत चित्रकाराने कळवले की चित्रांची छपाई आपल्याला मुळीच पसंत नाही. २ ऑगस्टला लेखकाने निर्णय घेतला: ही छपाई रद्दीत, पुस्तक दुसऱ्या छापखान्यात नव्याने. वाटलेल्या प्रती त्याने परत मागवल्या, आणि परत आलेल्या प्रती मुलांच्या इस्पितळांना देऊन टाकल्या. ज्यांनी आळसाने म्हणा किंवा विसरून म्हणा, आपली प्रत परत धाडली नाही, त्यांच्या कृपेने हा सगळा बाजार उभा आहे.

छपाई खरोखर इतकी वाईट होती का, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. पुस्तकात ४२ चित्रे. ती आधी लाकडी ठोकळ्यांवर कोरली जात, त्यांच्यावरून धातूचे ठसे बनत आणि ते ठसे मजकुराच्या खिळ्यांबरोबर (धातूच्या सुट्या अक्षरांबरोबर) एकाच चौकटीत बसवून छापले जात. शाई जरा जास्त झाली की बारीक रेघा भरून जातात आणि पानाच्या मागच्या बाजूला चित्र उमटते. दाब कमी पडला तर चित्र फिके. १८६५च्या छपाईत हे दोष आहेत, नाही असे नाही. पण दोन्ही छपाया शेजारी ठेवल्या तरी सामान्य वाचकाला फरक दाखवून द्यावा लागेल. माझ्या मते इथे प्रश्न शाईपेक्षा प्रतिष्ठेचा होता. चित्रकार लंडनच्या सर्वात गाजलेल्या विनोदी साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार, घराघरात पोचलेला; लेखक मुलांच्या पुस्तकात अगदीच नवखा. नाव कोणाचे पणाला लागणार होते, हे उघड आहे. लेखकही काही कमी चिकित्सक नव्हता, पण त्याने हा भुर्दंड आनंदाने सोसला असे मानायला मी तयार नाही. पहिल्या दोन हजार प्रतींत नुकसान होणार, हा हिशेब त्याने स्वतःच मांडून ठेवला होता.

नवी छपाई त्याच नोव्हेंबरात, नाताळच्या हंगामात बाजारात आली आणि तिच्यावर साल पडले १८६६. जुने फर्मे (छापून पडलेले, न बांधलेले कागद) मात्र रद्दीत गेलेच नाहीत. ते न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकाने घेतले, जुने शीर्षकपान काढून त्या जागी १८६६ सालचे आपले पान चिकटवले आणि पुस्तक अमेरिकेत विकले. लंडनला न चाललेला माल तिकडे चालला. अशी प्रत उघडली की शीर्षकपान नंतर डकवलेले आहे हे नीट पाहणाऱ्याला कळते.

खरा गुंता इथून सुरू होतो. ऑक्सफर्डला छापलेली १८६५ची प्रत पहिली, यात शंका नाही. पण ती दुकानात विक्रीला कधी आलीच नाही. अमेरिकेतली प्रत त्याच फर्म्यांची, म्हणजे छपाईच्या हिशेबाने तीही पहिल्याच आवृत्तीची, फक्त दुसऱ्या खेपेची. आणि इंग्लंडच्या वाचकांनी जे विकत घेतले ते १८६६चे पुस्तक नव्याने खिळे जुळवून छापलेले, म्हणून काटेकोरपणे दुसरी आवृत्ती. विक्रेत्यांना अर्थातच ‘दुसरी’ हा शब्द परवडत नाही. म्हणून सूचीत ‘पहिली प्रकाशित आवृत्ती’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. तो खोटा नाही, पण सोयीचा आहे. (मराठीत तर साध्या पुनर्मुद्रणालाही सर्रास नवी आवृत्ती म्हणतात, तेव्हा आपण फार नाक मुरडू नये.) १८६६ची प्रत ओळखायची एक खूण मात्र पक्की आहे: अनुक्रमणिकेच्या शेवटच्या ओळीत जुळाऱ्याने ‘एस’चा खिळा उलटा बसवला आहे. वरचा गोल मोठा, खालचा लहान. भिंग लागतेच असे नाही.

पुढच्या पुस्तकांत संग्राहकांनी हीच नजर वापरली. ‘पीटर रॅबिट’ प्रकाशकांनी नाकारल्यावर लेखिकेने डिसेंबर १९०१मध्ये स्वखर्चाने २५० प्रती काढल्या. मुखचित्र सोडले तर आतली चित्रे बिनरंगी. रंगीत व्यापारी आवृत्ती ऑक्टोबर १९०२ची. तिची पहिली छपाई पान ५१वर ओळखतात. पीटरच्या टपोऱ्या अश्रूंच्या वाक्यातले क्रियापद नंतर बदलले गेले, आणि किमतीतली तफावत त्या एका शब्दावर ठरते. त्याच दशकात प्रकाशकांनी दुर्मीळता आधीच तयार करून विकायला सुरुवात केली: चित्रकाराची सही, चर्मपत्राची बांधणी, मोजक्या क्रमांकित प्रती. १९०६च्या ‘पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स’च्या अशा ५०० प्रती होत्या. त्या मुलांसाठी नव्हत्याच.

मग वेष्टनाचा, म्हणजे पुस्तकावरच्या सुट्या कागदी आवरणाचा, जमाना आला. १९३७च्या ‘द हॉबिट’च्या पहिल्या छपाईच्या १५०० प्रती, वेष्टनाच्या मागच्या घडीवर ‘अ‍ॅलिस’च्या लेखकाचे खरे आडनाव (डॉजसन) एका जादा अक्षरासह छापले गेले आणि ते अक्षर हाताने शाईने खोडावे लागले. १९६३च्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’च्या वेष्टनावर कॅल्डेकॉट पदकाचा (अमेरिकेतल्या सचित्र बालपुस्तकांच्या पुरस्काराचा) उल्लेख असेल, तर ते पहिल्या छपाईचे नव्हे, पदक १९६४ साली मिळाले.

पैशाचे आकडे उशिरा फुगले. १९२८ साली ‘अ‍ॅलिस’चे मूळ हस्तलिखित लंडनच्या लिलावात १५,४०० पौंडांना गेले, तेव्हाच तिकडे गहजब झाला होता. १९४८मध्ये अमेरिकेतल्या हितचिंतकांनी ते ब्रिटनला भेट म्हणून परत केले. १९९८ साली लेखकाच्या जांभळ्या शाईतल्या खुणा असलेली १८६५ची प्रत, चित्रकाराच्या दहा मूळ रेखाटनांसह, न्यूयॉर्कला १५ लाख ४० हजार डॉलर्सना विकली गेली. २०१६मध्ये दुसरी एक प्रत २० ते ३० लाख डॉलर्सच्या अंदाजाने लिलावात ठेवली, तेव्हा ती कोणी घेतलीच नाही.