शिक्षेविरुद्ध अपील: निकालाची नक्कल आणि वकील हक्काचे कसे झाले

२२ जुलै १९०८ रोजी मुंबई हायकोर्टात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षं हद्दपारीची शिक्षा झाली. ज्यूरीचा, म्हणजे निवाडा सांगणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाचा, कौल सात विरुद्ध दोन असा होता. या शिक्षेवर अपील मात्र करता येत नव्हतं. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार जिल्ह्याच्या सत्र न्यायालयाने शिक्षा दिली तर हायकोर्टात दाद मागता यायची. पण हायकोर्टानेच आपल्या मूळ अधिकारात, म्हणजे खालच्या कोर्टाऐवजी स्वतःच पहिल्यांदा, खटला चालवला असेल तर तो निकाल जवळजवळ अंतिम ठरायचा. उरायची ती लंडनची प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे तेव्हाचं भारतासाठीचं शेवटचं अपील न्यायालय, आणि तिथे आधी परवानगी मिळवावी लागे. टिळकांच्या १८९७ च्या खटल्यात ती परवानगी नाकारली गेली होती. ज्यूरीपुढे चाललेल्या सत्र खटल्यांतही अपील फक्त कायद्याच्या मुद्द्यावर चाले. साक्षीदार खोटा बोलला, एवढं म्हणून भागत नसे.

हायकोर्टाच्या मूळ अधिकारातल्या शिक्षेवर अपिलाची सोय १९४३ मध्ये झाली. संविधानाने सुप्रीम कोर्टाचं दार उघडलं. हायकोर्टाने निर्दोष सुटका फिरवून फाशी दिली तर तिथे अपिलाचा हक्क मिळाला. १९७० च्या कायद्याने तो जन्मठेप आणि दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेपर्यंत वाढवला. १९७३ च्या संहितेत ज्यूरी राहिली नाही आणि पहिल्या अपिलात पुरावा व कायदा दोन्ही तपासण्याची वाट मोकळी झाली. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत मांडणी तीच आहे, कलमांचे आकडे बदललेत: शिक्षेवरच्या अपिलाचं जुनं ३७४ आता ४१५, शिक्षेला स्थगितीचं ३८९ आता ४३०.

कलम असलं म्हणून कैद्याचं अपील कोर्टापर्यंत पोचतंच असं नाही. हे ज्या खटल्याने स्पष्ट केलं तो महाराष्ट्रातलाच आहे. विद्यापीठाच्या बनावट पदव्यांच्या प्रकरणात होसकोट नावाच्या आरोपीला सत्र न्यायालयाने नाममात्र कैद दिली होती. नोव्हेंबर १९७३ मध्ये हायकोर्टाने ती तीन वर्षांवर नेली. तो सुप्रीम कोर्टात गेला तो चार वर्षांहून जास्त उशिरा. निकालाची नक्कल मला मिळालीच नाही, असं त्याचं म्हणणं. तुरुंग प्रशासनाचं म्हणणं असं की नक्कल त्याला दिली होती, नंतर दयेच्या अर्जाला जोडायला परत घेतली. कैद्याची पोचपावती मात्र कुठेच नव्हती. ऑगस्ट १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने त्याची याचिका फेटाळली, पण दोन नियम घालून दिले. कैद्याला निकालाची नक्कल विनामूल्य आणि वेळेत द्यायची, आणि दिल्याची लेखी पोच घ्यायची. वकील नेमण्याची ऐपत नसेल तर अपिलासाठीही सरकारी खर्चाने वकील द्यायचा. एका कागदावरची सही इतकी महत्त्वाची का, तर मुदतीच्या वादात नेमका तोच कागद मागितला जातो.

पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. कोठडीत असलेल्या माणसाला त्यात उत्पन्नाची अट नाही, आणि हे अनेक कुटुंबांना ठाऊकच नसतं. फी भरण्यासाठी जमीन गहाण टाकण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करून पाहावा. कैदी तो तुरुंगातूनही करू शकतो.

दंडाधिकाऱ्याने शिक्षा दिली असेल तर अपील सत्र न्यायालयात, मुदत ३० दिवस. सत्र न्यायालयाने दिली असेल, किंवा शिक्षा सात वर्षांहून जास्त असेल, तर हायकोर्टात, मुदत ६० दिवस. फाशीच्या शिक्षेला मात्र ३०. सही-शिक्क्याची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस या मुदतीत धरत नाहीत, म्हणून नकलेसाठी अर्ज कधी केला आणि ती तयार कधी झाली या दोन्ही तारखा जपून ठेवाव्यात. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतली हायकोर्टातली अपिलं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) जातात.

अपील मेमो (निकाल का चुकला याची कारणं मांडणारा अर्ज), निकालाची नक्कल आणि वकीलपत्र, एवढ्यावर अपील दाखल होतं. वकील नसेल तर कैदी तुरुंग अधीक्षकाच्या हाती अपील देऊ शकतो आणि अधीक्षकाला ते कोर्टाकडे पाठवावंच लागतं. सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा की अपील दाखल झालं म्हणजे शिक्षा थांबली. तसं नाही. स्थगिती आणि जामिनाचा अर्ज वेगळा करावा लागतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर शिक्षा देणारं कोर्टच अपिलापुरता जामीन देऊ शकतं. तो अर्ज निकालाच्या दिवशीच तयार हवा. ज्या गुन्ह्याला फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नाही अशी कैद होऊ शकते, त्यात सरकारी वकिलाला लेखी हरकतीची संधी द्यावी लागते, त्यात वेळ जातो. नोकरी वाचवायची असेल तर शिक्षेला स्थगिती पुरत नाही. खुद्द दोषसिद्धीलाच, म्हणजे दोषी ठरवण्यालाच, स्थगिती मागावी लागते, आणि ती क्वचितच मिळते.

मेमोतही घाई नडते. 'निकाल चुकीचा आहे' या वाक्याने काहीच साधत नाही. कोणत्या साक्षीदाराची उलटतपासणीतली कोणती कबुली न्यायाधीशांनी सोडून दिली, पंचनाम्यातली वेळ आणि फिर्यादीतली वेळ कुठे जुळत नाही, हे साक्षीच्या पानासह लिहिलं तर स्थगितीच्या सुनावणीतच फरक पडतो. त्यासाठी खालच्या कोर्टातल्या वकिलाकडून साक्षींच्या नकला लगेच मागून घ्याव्यात. पेपर बुक, म्हणजे खटल्याच्या सगळ्या कागदांची अपिलासाठी बांधलेली प्रत, तयार होईपर्यंत थांबलं तर त्या सुनावणीत वकिलाच्या हाती फक्त निकाल असतो.

सुनावणीच्या दिवशी वकील आला नाही एवढ्यावरून अपील फेटाळता येत नाही. कोर्टाने नोंदी पाहून गुणदोषांवरच निर्णय द्यावा, असं सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये बनी सिंग खटल्यात सांगितलं. कैद्याला वकील नसेल तर कोर्टाने तो नेमणंच योग्य. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने आणखी एक सूचना केली: शिक्षेच्या निकालाच्या नकलेला वर एक पान जोडावं, त्यावर पुढच्या दादीसाठी मोफत वकील मिळतो हे आणि विधी सेवा समितीचा पत्ता व फोन छापावा, असा निर्देश काढण्याचा विचार हायकोर्टांनी करावा. हातात आलेल्या नकलेवर असं पान नसेल तर तो पत्ता कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा कार्यालयात मिळतो.