वाडा वारसा यादीत असणं वेगळं, स्मारकाशेजारी असणं वेगळं

‘आमचा वाडा पुरातत्त्वमध्ये गेलाय, आता खिळाही ठोकता येत नाही.’ छत्रपती संभाजीनगरच्या बेगमपुऱ्यापासून दौलताबादपर्यंत हे कानावर पडतं, आणि दर वेळी त्यात दोन वेगळे नियम कालवलेले असतात. या भीतीपायी माणसं डागडुजी टाळतात आणि चांगले वाडे पावसाळ्यागणिक खचत जातात, याचं फार वाईट वाटतं.

संरक्षित स्मारक म्हणजे सरकारने कायद्याने जपलेली वास्तू, जसा बीबी का मकबरा किंवा देवगिरी किल्ला. वारसा यादी मात्र स्थानिक बांधकाम नियमावलीतली. तिच्यात राहती घरंही येतात, त्यांना श्रेणी मिळते. घर तुमचंच राहतं. विकाही, मुलांच्या नावावरही करा. बदल करण्याआधी परवानगी घ्यायची, आणि श्रेणी खालची असेल तशी मोकळीक जास्त.

खरी गल्लत पुढे आहे. यादी तुमचं घर बघते. स्मारकाचा कायदा अंतर मोजतो. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे 200 मीटर विनियमित, म्हणजे परवानगीनेच बांधायचं. मग घर तीनशे वर्षांचं असो की परवाचं पत्र्याचं. आणि कृपा करून घुमटापासून टेप लावू नका! मोजणी संरक्षित हद्दीपासून होते.

या 100 मीटरमध्ये नवं बांधकाम नाही, वरचा मजला नाही, पुढे एक खण (दोन खांबांमधला गाळा) वाढवणंही नाही. पण 16 जून 1992 च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीने करता येते. माळवद (मातीचं सपाट छप्पर) गळतंय, भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक कुजलंय, ते काढून नवं सागवान घालायचं, वर पुन्हा कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्या) आणि पांढरी माती घालायची, ही दुरुस्तीच. याला कायद्यात जागा आहे.

आता नीट वाचा. वाडा पाडून ‘होता तेवढाच, होता तसाच’ उभारणं कायद्याच्या भाषेत दुरुस्ती नव्हे, पुनर्बांधणी. तिला पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी मागता येते, या 100 मध्ये नाही. म्हणजे आज तुळई बदलली नाही आणि उद्या ढाळज (दरवाजालगतची ओसरी) बसली, तर पुन्हा उभी करण्याचा हक्कच हातात राहत नाही. ‘पडला की बघू’ हा सल्ला देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

नळदुर्गासारखे राज्य संरक्षित किल्ले 1960 च्या वेगळ्या कायद्याखाली येतात, तिथे राज्य पुरातत्त्व विभागाकडे विचारा.

वाडा यादीतही असेल आणि 100 मीटरमध्येही, तर परवानग्या दोन. एक मिळाली म्हणून दुसरी मिळाली असं होत नाही. अर्जाआधी पीआर कार्ड (मिळकत पत्रिका) आणि 1992 पूर्वीच्या घरपट्टीच्या पावत्या शोधून ठेवा. गवंडी माळवदावर चढण्याआधी प्रत्येक खणाचे फोटो काढा, मापं कागदावर घ्या.