पाण्याचं कूलिंग बसवण्याआधी

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की आमच्या संगणकाच्या दुकानात हमखास विचारणा होते : “पाण्याचं कूलिंग बसवलं तर मशीन गार राहील ना?” घरातल्या कूलरमुळे हा समज झालेला असतो. कूलरमधलं पाणी वाफ होऊन उडतं, म्हणून हवा गार होते. संगणकातलं पाणी बंद नळीतच फिरतं. ते सीपीयूची, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपची (प्रोसेसरची) उष्णता रेडिएटरपर्यंत, म्हणजे पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत नेतं आणि पंखे ती खोलीत सोडतात. खोलीत ३८ अंश असतील, तर हे पाणी त्याखाली जाणार नाही. चिप मात्र खोलीच्या तापमानाच्या अधिक जवळ राहते. आजचे बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात, तेवढं टळलं तरी पुष्कळ.

नव्या वस्तूंपैकी आम्हाला पटलेली म्हणजे फेज-चेंज पॅड. चिप आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्यामध्ये लावतात ती साधी थर्मल पेस्ट तापून-निवून हळूहळू कडेला सरकते. हा पॅड साधारण ४५ अंशांना मऊ होतो, चिप आणि हीटसिंकमधल्या बारीक फटी भरतो आणि सहसा जागा सोडत नाही. लावण्याआधी तो थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावा लागतो, नाहीतर उन्हाळ्यात वरचा कागद सुटत नाही. (दुकानातला फ्रिज फक्त ताकासाठी नाही!)

लिक्विड मेटल, म्हणजे गॅलियमचा मिश्रधातू, उष्णता पेस्टपेक्षा कितीतरी चांगली वाहतो. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये सोनीने तोच वापरला. पण तो वीजही वाहतो आणि ॲल्युमिनियम पोखरतो. रोज स्कूटरवर हिंदकळणाऱ्या लॅपटॉपला आम्ही तो लावत नाही, आग्रह केलात तरी.

फ्रोर सिस्टिम्स या कंपनीचं २०२२ मध्ये जाहीर झालेलं ‘एअरजेट’ हे कूलिंगचं उपकरण जेमतेम २.८ मिलिमीटर जाड आहे. त्यात पंखा नसतो, वेगाने थरथरणारे सूक्ष्म पडदे हवा ढकलतात. ते छोट्या उपकरणांसाठी आहे. तुमच्या गेमिंग डेस्कटॉपची उष्णता त्याच्या आवाक्याबाहेरची.

सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधली गोष्ट वेगळी. तिथे तेलाची वाफ आणि धूळ मिळून हीटसिंकवर चिकट थर बसतो, पाण्याच्या रेडिएटरवरही बसतो. अशा ठिकाणी बिनपंख्याचा, पत्र्याच्या अंगानेच उष्णता सोडणारा बंद पीसी घ्या.

घरी ब्लोअर मारताना मशीन बंद ठेवा आणि पंख्याचं पातं बोटाने धरा. लॅपटॉप दाखवायला आणताना चार्जर सोबत आणा. पूर्ण लोडवरचं तापमान कामाआधी आणि कामानंतर तुमच्यासमोर मोजून देतो.