इराणमधील जरथुश्त्री व शेजारधर्म

जरथुश्त्राच्या शिकवणुकीतून प्राचीन इराणमध्ये घडलेला धर्मसमाज. मराठीत त्याला सरसकट ‘पारशी’ म्हणतात; खरे तर ते भारतात आलेल्यांच्या वंशजांचे नाव. अवेस्ता या त्याच्या धर्मग्रंथाची भाषा ऋग्वेदाच्या इतकी जवळ आहे, की यस्न-यज्ञ, हओम-सोम, मिथ्र-मित्र या जोड्या मराठी वाचकाला सांगाव्या लागत नाहीत. उलटापालट एकच, पण मोठी: तिकडे अहुर (असुर) पूज्य आणि दएव (देव) त्याज्य.

इ. स. पू. ५३९ मध्ये हखामनी सम्राट कुरुशने बॅबिलन जिंकले आणि यहुद्यांना मायदेशाची वाट मोकळी झाली. मराठी बायबलमधला कोरेश तो हाच. यशयाच्या ग्रंथात (४५:१) त्याला परमेश्वराचा ‘अभिषिक्त’ म्हटले आहे. तो स्वतः जरथुश्त्री होता का, याविषयी मतभेद आहेत. पण यहुदी समाज यापुढे सुमारे दोनशे वर्षे इराणी अमलाखाली राहिला. त्या काळातल्या इराणी प्रभावाची खूण म्हणून बायबलमधल्या दावीद राजाने केलेल्या शिरगणतीची कथा दाखवतात. जुन्या शमुवेलात (दुसरे पुस्तक, २४:१) त्याला चिथावतो तो परमेश्वराचा कोप. नंतर लिहिलेल्या इतिहासग्रंथात (पहिले पुस्तक, २१:१) तेच काम सैतान करतो. अंग्रमैन्यू या जरथुश्त्री दुष्ट शक्तीची सावली इथे पडली, असे म्हणण्याचा मोह होतो, पण एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही.

शब्दांची साक्ष अधिक भरवशाची. टोबित या यहुदी ग्रंथातला अस्मोदेयस हा राक्षस म्हणजे बहुतेक अवेस्तेतला क्रोधाचा दएव अएश्म. कुराणातल्या हारूत-मारूत या नावांमागे हउर्वतात् व अमेरेतात् ही जरथुश्त्री धर्मातल्या अमर शक्तींची नावे असावीत. अवेस्तेतला पइरिदएझ म्हणजे भिंतीने वेढलेली जागा. त्याचा ग्रीकमध्ये ‘पारादेइसोस’ झाला, आणि अरबीतला ‘फिरदौस’ (स्वर्ग) हाही त्याच कुळातला.

मृतात्म्याने ओलांडायचा चिन्वत पूल पुण्यवानाला रुंद होतो, पाप्याला सुरीच्या धारेएवढा. इस्लामी परंपरेतला सिरात पूल केसाहून बारीक व तलवारीहून धारदार आहे. साम्य उघड आहे. मात्र पुलाची तपशीलवार वर्णने देणारे पहलवी (मध्य फारसी) ग्रंथ बरेचसे नवव्या शतकात, म्हणजे इस्लामी अमलात, आजच्या रूपाला आले. त्यामुळे प्रत्येक तपशिलात कोणी कोणाकडून घेतले, हे ठामपणे सांगता येत नाही.

ससानी राजवटीत (इ. स. २२४–६५१) या धर्माला राजाश्रय होता. अरब विजयानंतर अनुयायी घटत जाऊन मुख्यतः यज्द व किरमान भागांत उरले. त्यांच्यावरचा जिझिया १८८२ मध्ये उठला. त्यासाठी झटले ते मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये पाठवलेले माणेकजी लिमजी हातरिया. मुंबईतले ‘इराणी’ बहुतांशी याच दोन भागांतून पुढे आले. बहुसंख्य इराणी मुसलमान झाले, तरी वसंतसंपाताचा नवरोज त्यांनी सोडला नाही. प्रार्थनेसाठीही अरबी ‘सलात’ऐवजी पहलवीतून आलेला ‘नमाज’ हाच शब्द त्यांच्या तोंडी राहिला. मराठीतही तोच आला. तो संस्कृत ‘नमस्’चा सख्खा भाऊ.